यकृतातलं लोह : निळा डाग काय दाखवतो आणि काय दाखवत नाही?

पॅथॉलॉजीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात यकृताचं एक चित्र हमखास सापडतं. फिकट गुलाबी पेशी, त्यांच्यात विखुरलेले गडद निळे कण आणि खाली एक ओळ : पर्ल्स स्टेन, लोहाचा अतिरिक्त साठा. परीक्षेसाठी आपण एवढंच लक्षात ठेवतो की निळं म्हणजे लोह. मार्क मिळतात, विषय संपतो.

पण तुम्ही पीएचडीच्या वाटेवर असाल, तर या चित्रापाशी थोडं थांबा आणि तीन प्रश्न विचारा. हा निळा रंग नेमक्या कुठल्या लोहाचा? पेशीच्या आत तो कण कुठे बसलाय? आणि यकृत खराब झालं ते या कणांमुळे, की आधी यकृत खराब झालं आणि मग हे कण तिथे साचले? तिसऱ्या प्रश्नावर जाणत्या डॉक्टरांमध्ये अनेक दशकं वाद चालला. तो नुसता शब्दांचा वादही नव्हता. लोह हाच गुन्हेगार असेल तर ते शरीरातून काढायला हवं. तो नुसता साक्षीदार असेल, तर काढून काय उपयोग?

सुरुवात एका रंगापासून करू. प्रशियन ब्लू हा रंग अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला, तोही चित्रकारांसाठी. पुढे १८४२ मध्ये जॉन हर्शेलने ज्या पद्धतीने निळे छाप काढले, आणि ज्यावरून इंजिनिअर लोकांचा ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द आला, तिथेही हेच रसायन. लोह आणि फेरोसायनाइड एकत्र आले की न विरघळणारा गडद निळा साका बसतो, एवढी साधी गोष्ट. १८६७ मध्ये मॅक्स पर्ल्स या जर्मन पॅथॉलॉजिस्टने ती ऊतींवर पद्धतशीरपणे वापरली. त्याच्या आधीही कुणी कुणी हा प्रयोग केला होता, पण नाव पर्ल्सचं राहिलं. विज्ञानाच्या इतिहासात हे नेहमीचंच.

कृती आजही जवळपास तीच आहे. सेक्शनवर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण घालायचं. आम्ल प्रथिनांत अडकलेलं फेरिक लोह सोडवतं आणि ते सुटलेलं लोह तिथल्या तिथे निळं होतं. इथेच पहिली गोम आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह हीमच्या कड्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की हे आम्ल त्याला हलवू शकत नाही. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये असतं, तरी पर्ल्स स्टेनमध्ये लाल पेशी निळ्या होत नाहीत. म्हणजे ‘निळं म्हणजे लोह’ हे बरोबर, पण ‘निळं नाही म्हणजे लोह नाही’ हे साफ चूक. दोन वाक्यं दिसायला जुळी वाटतात आणि व्हायव्हात माणूस नेमका इथे अडकतो.

त्या काळात डॉक्टरांपुढे एक विचित्र आजार होता. त्वचा काशासारखी तपकिरी, लघवीत साखर आणि यकृत कडक. पॅरिसच्या त्रूसोने १८६५ च्या सुमारास असा रुग्ण नोंदवला, फ्रेंच डॉक्टर त्याला ‘कांस्य मधुमेह’ म्हणायला लागले. १८८८ मध्ये नॉयमनने पेशींतल्या लोहयुक्त तपकिरी कणांना हेमोसिडेरिन हे नाव दिलं आणि लगेच पुढच्या वर्षी फॉन रेक्लिंगहाउझेनने आजाराला हेमोक्रोमॅटोसिस म्हटलं. दोन्ही नावांत ‘रक्त’ आहे, कारण हे रंगद्रव्य रक्तातूनच आलं अशी समजूत होती. आजाराच्या बाबतीत ती समजूत टिकली नाही. लोह आतड्यातून, रोजच्या अन्नातूनच गरजेपेक्षा जास्त शोषलं जात होतं. नाव मात्र तसंच राहिलं.

१९३५ मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ शेल्डन या डॉक्टरने तोवर प्रसिद्ध झालेले ३११ रुग्ण गोळा करून एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं होतं की हा चयापचयातला जन्मजात दोष आहे आणि लोह हा त्याचा गाभा आहे. जनुक, प्रयोगशाळेतलं मॉडेल, काहीही हाताशी नाही, नुसते जुने अहवाल बारकाईने वाचून काढलेला निष्कर्ष! लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे कंटाळवाणं प्रकरण असं ज्यांना वाटतं त्यांनी शेल्डनबद्दल जरूर वाचावं.

सगळ्यांना ते पटलं नाही. अमेरिकेत रिचर्ड मॅकडोनाल्डने १९६४ च्या आपल्या पुस्तकात उलटी बाजू मांडली. त्याच्या मते दारू आणि आहारामुळे आधी सिरॉसिस होतो आणि लोह नंतर येऊन साचतं. ही शंका उगाच काढलेली नव्हती. दारूने खराब झालेल्या यकृतातही लोह दिसतं. दक्षिण आफ्रिकेत लोखंडी भांड्यांत तयार केलेली घरगुती बिअर पिणाऱ्यांच्या यकृतात भरपूर लोह सापडत होतं. शिवाय निळा डाग बिचारा फक्त जागा सांगतो. आधी काय झालं आणि नंतर काय, हे तो सांगत नाही. एका मृत माणसाच्या यकृतात कडकपणाही आहे आणि लोहही आहे, एवढ्यावरून क्रम कसा लावणार?

‘मृत माणसाच्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यकृताचा अभ्यास बहुतांशी शवविच्छेदनावर चालायचा. आजाराचा शेवटचा अंक पाहून पहिला अंक ओळखायचा, असा तो प्रकार. १९५८ मध्ये इटलीतल्या मेंघिनीने एक पोकळ सुई आणली. ती यकृतात जेमतेम एक सेकंद असायची, आणि बायोप्सी त्यामुळे कितीतरी सोपी झाली. मग १९६२ मध्ये लंडनमध्ये शॉयर, विल्यम्स आणि मुईर यांनी रुग्णांऐवजी रुग्णांचे नातेवाईक तपासले. वरवर धडधाकट असलेल्या काही नातेवाइकांच्या यकृतात लोह होतं, पण सिरॉसिस नव्हता. लोह आधी, कडकपणा नंतर, याकडे बोट दाखवणारा हा पुरावा होता. स्टेन तीच, १८६७ ची. प्रश्न मात्र योग्य माणसांना विचारला गेला. आजही पॅथॉलॉजिस्ट यकृतातल्या लोहाला जी श्रेणी देतात, तिची मुळं याच कामात आहेत.

तोवर उपचार वादाची वाट न बघता सुरू झाले होते. रुग्णाच्या शिरेतून वारंवार रक्त काढायचं. १९५० च्या आसपास याचे पहिले अहवाल आले. हिशेब सोपा आहे : अर्ध्या लिटर रक्तात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. निरोगी माणसाच्या सगळ्या शरीरात ३-४ ग्रॅम लोह असतं, या रुग्णांत ते २० ग्रॅमच्याही वर जाऊ शकतं. २० ग्रॅम काढायचे म्हणजे आठवड्याला एकदा रक्त काढून दीड-दोन वर्षं. एवढं सोसणाऱ्या माणसाला लोह खरोखर काय करतं हे सांगता यायला हवं होतं. आणि ते सांगायचं तर पेशीच्या आत शिरणं भाग होतं.

आता दुसरा प्रश्न : कण पेशीत कुठे बसलाय?

साध्या मायक्रोस्कोपखाली हेमोसिडेरिनचा कण दिसतो, पण त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. १९३७ मध्ये चेक शास्त्रज्ञ लाउफबेर्गर याने घोड्याच्या प्लीहेतून एक लोहयुक्त प्रथिन स्फटिकरूपात वेगळं केलं आणि त्याला फेरिटिन म्हटलं. हे प्रथिन म्हणजे २४ तुकड्यांनी बनलेला पोकळ गोळा. बाहेरून सुमारे १२ नॅनोमीटर, आतल्या पोकळीत लोहाचे ४,५०० पर्यंत अणू मावतात. साध्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं ओळखता येत नाही, म्हणजे एकटं फेरिटिन त्याच्या आवाक्याबाहेर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये मात्र त्याचा लोहाचा गाभा काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. रंगसुद्धा द्यावा लागत नाही, लोह स्वतःच इलेक्ट्रॉन अडवतं. १९५७ मध्ये रिश्टरने हेमोसिडेरिनच्या कणांची अशी चित्रं काढली तेव्हा त्यांत फेरिटिनचे ठिपके दाटीवाटीने बसलेले दिसले. हेमोसिडेरिन आणि फेरिटिन यांचं नातं जवळचं आहे, एवढं नक्की झालं. पण ही गर्दी पेशीच्या कुठल्या खोलीत?

याचं उत्तर लोहाशी काही संबंध नसलेल्या प्रयोगातून आलं. बेल्जियममध्ये लूव्हेनला क्रिस्तियां द दूव्ह इन्सुलिनवर काम करत होता. १९४९ च्या डिसेंबरात उंदराचं यकृत हलक्या हाताने वाटून त्याच्या गटाने अॅसिड फॉस्फटेज हे एन्झाइम मोजलं, तर ते अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा निघालं. नमुने फ्रिजमध्ये ठेवले आणि पाच दिवसांनी पुन्हा मोजले, तर एन्झाइम भरपूर! कुणीही ‘पहिलं रीडिंग चुकलं’ म्हणून वही मिटली असती. या लोकांनी विचार केला की एन्झाइम कुठल्या तरी पिशवीत बंद असणार, आणि पाच दिवसांत पिशव्या फुटल्या असणार. १९५५ मध्ये त्या पिशवीला नाव मिळालं, लायसोसोम. गंमत म्हणजे तोवर ती कुणी पाहिलीच नव्हती. सेंट्रिफ्यूज आणि एन्झाइमचे आकडे, एवढ्यावर एक पेशी-अंगक अस्तित्वात आलं होतं.

ती पाहण्यात मोठा वाटा अॅलेक्स नोविकॉफचा. हा माणूस १९५३ मध्ये व्हर्मॉन्ट विद्यापीठातून काढला गेला होता, कारण अमेरिकेतल्या त्या कम्युनिस्टविरोधी वातावरणात सिनेटच्या समितीपुढे त्याने उत्तरं द्यायला नकार दिला होता. नंतर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालयाने त्याला जागा दिली. १९५५ मध्ये तो लूव्हेनला गेला आणि द दूव्हच्या गटाबरोबर लायसोसोमने भरलेल्या नमुन्यांची पहिली इलेक्ट्रॉन चित्रं काढली. त्यांत दिसले ते दाट काळपट पिंड. यकृताच्या पेशींत, पित्ताच्या बारीक नळ्यांच्या कडेला, असे पिंड आधी इतरांनी पाहिले होते, पण ते काय करतात हे कळलं नव्हतं.

आता पिंड तोच, हे सिद्ध करायचं तर त्याच पिंडात, त्याच जागी, एन्झाइम दाखवायला हवं. इथे जॉर्ज गोमोरी येतो. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात दुर्लक्षित पात्र. १९३६ मध्ये त्याने लोहाच्या स्टेनवर एक टीकात्मक लेख लिहिला होता, म्हणजे पर्ल्सच्या निळ्या डागावर किती विश्वास ठेवायचा याचा विचार करणारा हा माणूस. पुढे हंगेरीतून तो शिकागोला गेला आणि १९४१ मध्ये त्याने अॅसिड फॉस्फटेज जागच्या जागी दाखवण्याची रीत काढली. एन्झाइम दिसत नाही, त्याचं काम दिसू शकतं, ही त्यामागची कल्पना. सेक्शनला ग्लिसरोफॉस्फेट खायला द्यायचं, सोबत शिशाचं क्षार. एन्झाइम फॉस्फेट तोडतं, ते शिशाला धरून तिथेच खाली बसतं. मग अमोनियम सल्फाइड घालून त्याला काळं करायचं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी तर शेवटची पायरीही नको, शिसं मुळातच काळं दिसतं.

ऐकायला सुंदर, करायला छळवाद. पेशी पक्क्या करण्यासाठी कडक फिक्सेशन केलं तर एन्झाइम मरतं, ऑस्मियम तर त्याला शिल्लकच ठेवत नाही. सौम्य ठेवलं तर एन्झाइम किंवा त्याचं फॉस्फेट सरकतं आणि केंद्रकावर जाऊन काळा डाग देतं. त्या काळात केंद्रकात अॅसिड फॉस्फटेज आहे की नाही यावर बरीच शाई खर्च झाली, आणि डाग मोठ्या प्रमाणात सरकण्यातून आलेला होता. १९६३ मध्ये साबातिनी, बेन्श आणि बार्नेट यांनी ग्लुटाराल्डिहाइड वापरायला सुरुवात केली. पेशीची रचनाही टिकली आणि बऱ्याच एन्झाइमांचं काम करण्याचं बळही. आज आपण ती बाटली न बघता उचलतो.

तुमच्या लक्षात एक अडचण आली असेल. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये लोह काळं आणि शिसंही काळं. मग एकाच पिंडात दोन्ही आहेत हे कसं ठरवायचं? एक तर आकारावरून. फेरिटिनचे गाभे बारीक आणि एकसारखे असतात, शिशाचा साका ओबडधोबड. दुसरं म्हणजे कंट्रोल. एका सेक्शनला ग्लिसरोफॉस्फेट द्यायचंच नाही. दुसऱ्यात सोडियम फ्लोराइड घालून एन्झाइम थांबवायचं. दोन्हीकडे जे काळं उरतं ते एन्झाइमचं नाही. पेपर वाचताना मुख्य चित्राआधी हे कंट्रोल शोधायची सवय लावून घ्या. ते नसतील तर चित्र कितीही देखणं असो, संशय ठेवा.

१९६० मध्ये एस्नर आणि नोविकॉफ यांनी माणसाच्या यकृतातल्या रंगद्रव्यांच्या कणांचा संबंध लायसोसोमशी जोडला. पुढच्या काही वर्षांत लोहाचं चित्रही स्पष्ट झालं : हेमोसिडेरिनचा कण म्हणजे लोहाने भरलेला लायसोसोम. पेशी फेरिटिन त्यात आणून टाकते, प्रथिनाचा भाग पचतो, लोह मागे राहतं. नॉयमनने नाव दिलेल्या कणाला घर मिळायला सत्तरहून जास्त वर्षं लागली.

साहजिकच पुढची कल्पना सुचली की लोहाने ठासून भरलेले लायसोसोम फुटत असतील आणि त्यांची एन्झाइमं पेशीलाच पचवत असतील. १९७६ मध्ये लंडनमध्ये पीटर्स आणि सेमूर यांनी बायोप्सीचे इवलेसे तुकडे घेऊन ही गोष्ट मोजली. लोह साचलेल्या रुग्णांचे लायसोसोम खरोखरच नाजूक होते, चटकन फुटत. लोह काढून टाकलेल्या रुग्णांत ते पुन्हा सुधारलेले दिसले. रक्त काढण्याच्या त्या कंटाळवाण्या उपचाराला पेशीच्या पातळीवर आधार मिळाला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या रेनच्या सिमोनने हा आजार एचएलएच्या शेजारच्या जनुकाशी जोडला आणि १९९६ मध्ये एचएफई हे जनुक सापडलं. शेल्डन बरोबर होता. (या जनुकातला युरोपात नेहमी आढळणारा बदल भारतात फार क्वचित दिसतो. आपल्याकडे यकृतात लोह साचण्याचं मोठं कारण म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर द्यावं लागणारं रक्त. त्यांच्यात कण आधी कुप्फर पेशींत दिसतात, हेमोक्रोमॅटोसिसमध्ये यकृताच्या मुख्य पेशींत. म्हणजे जागेवरून कारणाचा अंदाज येतो, हे त्या निळ्या डागाचं श्रेय मान्य करायलाच हवं.)

पण फुटणारे लायसोसोम ही अख्खी गोष्ट नव्हती. १९७८ मध्ये हर्श्को आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात ट्रान्सफेरिनला न बांधलेलं लोह दाखवलं. ऐंशीच्या दशकात बेकन आणि ब्रिटन यांनी लोह दिलेल्या उंदरांच्या यकृतात मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यांतली स्निग्धं ऑक्सिडाइझ होताना पाहिली. हे घडवून आणणारं लोह मोकळं, सैल, प्रमाणाने अगदी थोडं असतं. पर्ल्समध्ये ते दिसत नाही. फेरिटिनच्या गोळ्यात आणि हेमोसिडेरिनच्या कणात बंद असलेलं लोह त्या मानाने निरुपद्रवी. ज्या निळ्या कणांवर आपण शंभर वर्षं आरोप ठेवला, ते बऱ्याच अंशी पेशीने स्वतःला वाचवण्यासाठी बांधलेलं कोठार होतं. कोठार ओसंडून वाहिलं की घात होतो, आणि वाहून गेलेलं लोह स्लाइडवर सापडत नाही.

हाच धडा तांब्याच्या बाबतीत आपल्या अगदी जवळ गिरवला गेला. १९६५ मध्ये नोविकॉफच्याच संस्थेतल्या गोल्डफिशरने विल्सन आजारात तांबं लायसोसोममध्ये साचतं हे दाखवलं. पुढे ओर्सीन या रंगाने तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे तपकिरी कण साध्या मायक्रोस्कोपखाली ओळखता येऊ लागले. भारतात लहान मुलांना होणाऱ्या जीवघेण्या सिरॉसिसमध्ये असे कण यकृतभर दिसत. ते कुठून आले, हे मात्र स्लाइडने सांगितलं नाही. पुण्यातले बालरोगतज्ज्ञ भावे आणि पंडित यांनी इंग्लंडच्या टॅनरबरोबर घरोघरच्या स्वयंपाकाची चौकशी केली आणि १९८३ मध्ये संशय मांडला : तान्ह्या बाळांना दिलं जाणारं दूध पितळेच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. कल्हई असलेल्या भांड्यातून तांबं कमी उतरतं, कल्हई गेलेल्या भांड्यातून भरपूर. पितळ गेलं, स्टील आलं, आणि तो आजारही जवळपास दिसेनासा झाला.

आज लोह मोजायला सुई टोचावी लागतेच असं नाही, २००५ पासून एमआरआयने यकृतातलं लोह मोजण्याची पद्धत रूढ झाली आहे. तीही मुख्यतः साठलेलं लोहच मोजते, हे ध्यानात असू द्या. आणि लायसोसोमकडे बघण्याची नजर पुन्हा बदलली आहे. २०१४ मध्ये कळलं की एनसीओए४ नावाचं प्रथिन फेरिटिनला धरून लायसोसोमपर्यंत पोचवतं, आणि तिथे ते पचलं की लोह पेशीला पुन्हा वापरायला मिळतं. रिश्टरने १९५७ मध्ये ज्या ठिपक्यांची गर्दी पाहिली, ती तिथे आणणारा हमाल सापडायला आणखी सत्तावन्न वर्षं गेली. आजारी यकृतात हा हमाल काय करतो, लोह जास्त असताना तो थांबतो की नेमका तेव्हाच गोंधळ घालतो, यावर काम सुरू आहे. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.